आशाताईंची टिक

आशाताईंइतकी टिक करायला कंजूस बाई मी पाहिली नाही. साकोलीपासून आत, जंगलाला लागून असलेल्या आमच्या गावात त्या आशा सेविका होत्या. प्रत्येक गरोदर बाईची नोंद त्यांच्या वहीत असे. पण दवाखान्यात निरोप धाडला म्हणून नोंदीपुढे टिक पडायची नाही. निरोप मिळाला असं तिकडून उलट कळलं, की मगच. "धाडलं म्हंजे पोचलं काय रे बाप्पा?" असं मलाच विचारायच्या.

मी नागपूरला मोबाईलची ॲप बनवणाऱ्या कंपनीत. कुठलं बटण कुठे, कुठला रंग, हे ठरवायचं माझं काम. वापरणाऱ्याला ते न शिकवता कळलं पाहिजे. आशा सेविकांसाठीचं ॲप आमच्याकडे आलं तेव्हा तपासायला मी ते ताईंच्याच अंगणात नेलं. त्या कुठे अडतात ते लिहून घ्यायचो.

त्यांची एकच खोड होती. काही अडलं की दोष स्वतःकडे. बटण मीच कोपऱ्यात दडवलेलं असायचं, आणि त्या म्हणायच्या, "माहंच चुकलं असन. तू चहा घे." मी हसून सांगायचो, "ताई, परीक्षा ॲपची आहे, तुमची नाही." ते त्यांना कधीच पटलं नाही.

त्यांच्या वहीतली टिक मी उचलली. नोंद भरली की पडद्यावर मोठी हिरवी टिक. ताई खूश झाल्या. "हे मले समजते," म्हणाल्या. कंपनीत माझी पाठ थोपटली गेली. फक्त माझी टिक नोंद फोनमध्ये साठली की लगेच उमटायची. दवाखान्यात नोंद जायची रेंज आल्यावर. आमच्या ऑफिसात रेंज कधी जातच नाही, त्यामुळे एवढा मोठा फरक मला मेल्याला दिसलाच नाही.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या मंदाला सातव्या महिन्यातच अंगावर सूज आली, डोळ्यांपुढे अंधारी. ताईंनी नोंद भरून 'गाडी पाठवा' दाबलं. टिक आली. पूर्वी त्या रेंजसाठी तलावाच्या पाळीवर जाऊन फोन लावत आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलत नसत. त्या दिवशी निर्धास्त मंदाच्या उशाशी बसून राहिल्या. दुपार कलली तरी गाडी नाही. शेवटी गावातल्या ऑटोतून नेलं. मंदा वाचली, बाळ गेलं.

कळताच मी गावी गेलो. टिक माझी, चूक माझी, ती बदलायला कंपनीला लिहिलंय, सगळं सांगितलं. बोलताना मला रडू आलं. ताईंनी पदरानं माझे डोळे पुसले. काम त्यांनी सोडलं होतं.

"येवढा शिकला तू, तुही कशी चूक होईन? मीच मागंपुढं दाबलं असन काही."

मग फोन माझ्यापुढे धरून त्यांनी ती नोंद पहिल्यापासून पुन्हा भरून दाखवली, एकेक बटण सावकाश. काहीही चुकलं नाही. अंगणात रेंज नव्हती. हिरवी टिक आली.

"पाह्य, आली ना?" ताई म्हणाल्या. "मंग सांग ना रे, मी कुठं चुकली?"