फडक्याचं दुसरं टोक

डिम्प्ना गिलरेन भावाच्या अंत्यविधीला रडली नाही, हे ड्रमकीरन गावात सगळ्यांनी पाहिलं आणि शेजारणींनी तर मनात टिपूनच ठेवलं. रडायला आधी काहीतरी वाटावं लागतं. तिला काहीच वाटत नव्हतं. पॅकी गेला हे तिला ठाऊक होतं, एवढंच.

दोघंही बिनलग्नाची. चौऱ्याहत्तर वर्षांत ती या घराबाहेर राहिली ती एकदाच, पित्ताशयाच्या ऑपरेशनला. आता दुसऱ्या भावाची मुलगी ऑर्ला तिला स्लायगो शहरातल्या वृद्धाश्रमात न्यायच्या मागे लागली होती.

"आत्या, एकटीनं कसं निभावशील?" तिनं फोनवर विचारलं होतं.

"का? चूल पेटवायला दोन माणसं लागतात?"

"बरं बाई. हॅलोविनला जेवायला येते. फॉर्म घेऊन येते, नुसता वाचून तर बघ."

ये म्हणावं, डिम्प्नाने ठरवलं. बॉक्स्टी, बटाट्याची धिरडी, करून वाढायची. आपले हातपाय चालतात हे पोरीला ताटातच दिसेल, आणि फॉर्म आल्या पावली परत जाईल.

त्या दिवशी सकाळीच तिने अर्धे बटाटे उकडून कुस्करले आणि उरलेले कच्चे किसले. किसणी पॅकीची, बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याला खिळ्याने भोकं पाडून केलेली. किसताना बोटाचं सालटं निघालं, पण दुखलं नाही. कीस पिठाच्या पोत्याच्या फडक्यात बांधला आणि टेबलाशी उभी राहिली. मग बराच वेळ नुसतीच उभी राहिली.

बॉक्स्टीचं सगळं गणित पिळण्यात असतं. पाणी राहिलं की धिरडं तव्यावर फुटलंच. एक टोक तिचं, दुसरं पॅकीचं, दोघं उलट दिशांना पिळायची. "जोर लावतेयस की नुसती धरून उभी आहेस?" तो दरवेळी म्हणायचा. "तुझ्या जिभेचा पीळ वापर की," ती दरवेळी म्हणायची. साठ वर्षं हेच, एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

तिने दुसरं टोक मागच्या दाराच्या कडीला बांधलं आणि पिळलं. दार उघडलं. बाहेरचा गार वारा आत आला. दार लावून तिने पुन्हा पिळलं, सांधे आखडलेल्या बोटांनी जमेल तेवढं. पाणी थेंब थेंब पडलं आणि थांबलं. कीस ओलाच होता, हे तिला हाताला कळत होतं. तरी तिने त्यात कुस्करलेला बटाटा, मैदा, मीठ, ताक घातलं आणि तवा तापवला.

ऑर्ला आली तेव्हा ताटात तुकडे होते. वरून करपलेले, आतून कच्चे. तिने भरपूर लोणी लावून दोन घास खाल्ले.

"मस्त झालीय, आत्या. अगदी पूर्वीसारखी."

पॅकी म्हणाला असता, हे कुत्र्याला घाल. आणि कुत्र्याने तोंड फिरवल्यावर मनापासून हसला असता. ऑर्ला मात्र आजाऱ्याशी बोलावं तशी बोलत होती, प्रेमाने आणि हळू आवाजात.

"कच्चं आहे," डिम्प्ना म्हणाली. "आण तो कागद."

"अगं, आजच कशाला? घाई नाहीये."

"आण म्हणते ना."

ऑर्लाने बहुतेक सगळं आधीच भरून आणलं होतं. जन्मतारीख, गोळ्या, धर्म. डिम्प्नाने चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली. रडू येईल असं तिला क्षणभर वाटलं, पण आलं नाही. एका ओळीवर तिचं बोट थांबलं.

"हे काय लिहिलंयस?"

"स्वतंत्र खोली. जास्तीचे पैसे मी भरणार आहे, तू काळजी करू नकोस. तुझी तू निवांत राहशील."

डिम्प्नाने पेन घेतलं. 'स्वतंत्र' हा शब्द खोडला आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं: दोघींत एक. मग खाली सही केली.