हात मागे बांधून चालणाऱ्यांसाठी घड्याळ

एखादी साधी वस्तू घ्यायला चार माणसं एकत्र गेली की ती वस्तू साधी राहत नाही. मी टेलिफोन खात्यात अख्खी नोकरी काढली. तिथे एक टेबलफॅन मागवायचा तरी मीटिंग बसायची, तेव्हा मला हे नवीन नाही. पण कर्वेनगरात कॅनॉलच्या रस्त्याने सकाळी फिरणाऱ्या आम्हा चौघांनी स्मार्टवॉच घ्यायचं ठरवलं, आणि त्यावरून इतके किस्से साठले की आता कोणी नुसतं "किती वाजले?" विचारलं तरी मला हसू फुटतं. परवा भाचीचा फोन आला, "मावशी, सासऱ्यांना चालायला साधंसं, स्वस्तातलं घड्याळ घ्यायचंय. कुठलं घेऊ?" म्हटलं, "घरी ये. फोनवर आटपणार नाही."

आमच्यात देवधर सर सगळ्यांत मोठे. शाळेत भूमिती शिकवायचे. बायको गेल्यापासून आमच्याच सोसायटीत एकटे राहतात. पोपटराव मार्केट यार्डात कांद्याचे आडते, आता गाळा मुलगा बघतो. मंदाताई आमच्या भजनी मंडळाच्या सर्वेसर्वा. आणि मी नीला, जिला सगळे म्हणतात, "तुम्ही टेलिफोनमध्ये होतात ना, मग घड्याळाचं तुम्हीच बघा!"

घड्याळाची गरज खरी सरांना. त्यांची अँजिओप्लास्टी झाली, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. मुलगी अनघा बेंगलोरला नोकरीला. ती म्हणाली, "बाबा, घड्याळ घ्या. तुम्ही किती चाललात ते मला माझ्या फोनवर रोज दिसू दे. नाही दिसलं तर मी येऊन तुम्हाला बेंगलोरला घेऊन जाईन, मग तक्रार करायची नाही." सरांना पुणं सोडायचं म्हणजे शिक्षाच. बेंगलोरला विसाव्या मजल्यावर राहायचं आणि मराठी बोलायला भिंत! तेव्हा घड्याळावर सगळं अडलेलं.

*

कोपऱ्यावरच्या मोबाईलच्या दुकानात आम्ही चौघंही गेलो. काउंटरवरची मुलगी चुणचुणीत होती. "सर, यात हंड्रेड प्लस स्पोर्ट्स मोड्स आहेत. रोइंग, सर्फिंग, स्कीइंग..."

"स्कीइंग," सर म्हणाले. "कर्वेनगरात कुठे करतात?"

"पावसाळ्यात खड्ड्यात," पोपटराव म्हणाले.

मुलगी बिचारी हसली आणि पुढे सुरू झाली. ऑक्सिजन, स्ट्रेस, कॅमेऱ्याचं बटण, हवामान, गाणी. सर हात मागे बांधून सगळं शांतपणे ऐकत होते. ती दमून थांबली, तेव्हा त्यांनी विचारलं, "आणि हे वेळ दाखवतं का?"

*

मग मी सूत्रं हातात घेतली. म्हटलं, आम्हाला फार काही नको. आकडे मोठे हवेत आणि उन्हात दिसायला हवेत. पावलं आणि नाडी बऱ्यापैकी बरोबर सांगायला हवी. रोज रोज चार्जिंगला लावायला लागता कामा नये. पट्टा घामाने कुजणारा नको. फोनवर बोलायची सोय नको, नकाशा नको, गाणी तर मुळीच नकोत. तिने बरोबर तसलं एक काढलं, सगळ्यांत स्वस्तांपैकी. सर म्हणाले, "छान. द्या."

पण पोपटराव मध्ये पडले. "थांबा सर. असं पयलं समोर आलेलं उचलायचं न्हाई. पोरी, ह्यातले आणखी दाखव."

तिने त्याच घड्याळाचे आणखी डबे काढले. पोपटरावांनी एकेक उघडायला लावलं, हातात तोललं, उलटं केलं, पट्टा दाबून बघितला, एक तर चक्क नाकाशी नेलं! मुलगी रडकुंडीला आली. "काका, सगळी सेम आहेत हो. कंपनीचा माल आहे."

"एकसारका माल अजून मी जन्मात बघितला न्हाई," पोपटराव म्हणाले, आणि तळातला डबा निवडून सरांच्या हातात दिला.

*

स्वतःला मात्र त्यांनी बोलायची सोय असलेलं घेतलं. मी नको म्हणत होते. पण ऐकतील तर ते पोपटराव कसले!

दुसऱ्याच दिवशी फिरणं झाल्यावर आम्ही गाडीवर चहा घेत होतो. पोपटरावांनी हळूच वडापाव मागवला. डॉक्टरांनी त्यांना तळकट बंद केलंय. पहिला घास घेतला आणि मनगट वाजायला लागलं. बंद करायला गेले आणि चुकून फोन उचलला.

"कुठं हाय?" वहिनींचा आवाज अख्ख्या रस्त्याला ऐकू गेला.

"हितंच. चालतोय."

"तोंडात काय हाय?"

पोपटरावांनी घास गालात सारला. गाडीवाला तर तळायचा थांबला.

"गिळा आधी, मग बोला," मनगट म्हणालं.

*

मंदाताईंनी आणि मी सरांच्यासारखंच घेतलं. आठवडाभर आमच्या सगळ्यांत त्यांचा आकडा मोठा! आणि चालताना बघावं तर ही बाई दर बाकावर टेकणार. सर हिशोबाचे पक्के, त्यांना काही केल्या पटेना. "मंदाताई, तुम्ही दुपारी वेगळ्या चालता का?"

"छे हो! दुपारी भजन असतं."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मंदाताई टाळ वाजवतात, आणि घड्याळ उजव्या हातात! हाताचा प्रत्येक हेलकावा म्हणजे एक पाऊल, असं ते यंत्र धरून चाललं होतं. मी समजावून सांगितलं. वाटलं होतं, जरा ओशाळतील.

"म्हणजे बसल्या बसल्या मी खडकवासल्याला जाऊन आले की गं!" त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून भजनात टाळांचा जोर वाढला.

*

एकदा आम्ही हृदयाची काळजी कशी घ्यावी या विषयावरच्या व्याख्यानाला गेलो. वक्ते मोठे डॉक्टर होते, पण आवाज असा संथ की बास. पोपटराव पहिल्या रांगेत डोळे मिटून, मान डोलावत ऐकत होते. बाहेर पडल्यावर म्हणाले, "लई अभ्यासू माणूस. एकेक शब्द ध्यानात ठेवण्यासारका."

सरांनी त्यांचं मनगट धरून चष्मा वर केला आणि वाचलं, "गाढ झोप. दर्जा उत्तम." मग हात सोडून म्हणाले, "व्याख्यानाचा इतका नेमका अभिप्राय मी अजून वाचला नव्हता."

*

आणि इकडे सरांचं काय? सर आमच्यापुढे चालायचे, तरी त्यांचा आकडा सगळ्यांत कमी! कारण काय, तर सर हात मागे बांधून चालतात. वर्गात पर्यवेक्षण करताना लागलेली सवय, ती काही सुटली नाही. पाय चालताहेत, हात स्वस्थ. घड्याळाच्या मते सर खुर्चीत बसलेत!

अनघाचा रोज फोन. "बाबा, आज पण बाहेर पडला नाहीत?"

"चाललो की. पार पुलापर्यंत जाऊन आलो."

"घड्याळ नाही म्हणतंय, बाबा."

फोन ठेवल्यावर सर मला म्हणाले, "नीलाताई, जन्मात खोटं बोललो नाही हो. आणि पोटच्या पोरीला माझ्यापेक्षा त्या पट्ट्याचं खरं वाटतं." फार लागलं होतं त्यांना. मलाही ऐकवेना.

आम्ही दुकानात परत गेलो. मुलगी म्हणाली, "काका, सोपं आहे. हात हलवत जायचं आणि हात हलवत परत यायचं!"

सर ताठ झाले. "बाळ, हात हलवत परत आलो नाही म्हणून तर इथवर आलो."

*

मग सगळ्यांनी डोकी चालवली. मंदाताई म्हणाल्या, "सर, द्या ते घड्याळ माझ्याकडे. माझ्या हातात बांधते, भजनात आकडा भरून देते."

"आयुष्यभर पोरांच्या कॉप्या पकडल्या मी," सर म्हणाले, "आणि आता स्वतः करू?"

"मग पायात बांधा," पोपटराव म्हणाले. "पायच चालतात न्हवं?"

"पैंजण घालून फिरू म्हणता?"

शेवटी मी म्हटलं, खिशात ठेवा. पँटच्या खिशात पाय हलला की घड्याळ हलेल. कॉपी नाही, काही नाही, पावलं तुमचीच. हे सरांना पटलं. त्या दिवशी आकडा असा चढला की विचारू नका! मी खूश. टेलिफोन खात्याची अब्रू राखली म्हटलं.

घरी येऊन चपला काढते तोच अनघाचा फोन. रडत होती. "नीलाकाकू, बाबा कुठे आहेत? ते चालताहेत, पण नाडीच लागत नाहीये!"

मी म्हटलं, "अगं, ते खिशात आहे. घड्याळ. बाबा नाहीत." पण तिचं रडणं काही थांबेना. सरांना अ‍ॅडमिट केलं तेव्हा मीच तिला कळवलं होतं. तेव्हापासून माझा नंबर दिसला की आधी 'बाबा बरे आहेत ना?' हेच तोंडात येतं, म्हणाली. "काकू, मला रोज कुणीतरी काहीतरी खोटं सांगतंय असं वाटतं. मी शनिवारी येतेय. बाबांना घेऊन जाणार. आता कोणी मध्ये पडू नका."

सरांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी फिरताना ते एवढंच म्हणाले, "नीलाताई, झाडांना पाणी घालाल ना?" पोपटरावांनी नाक शिंकरलं आणि धुळीला चार शिव्या दिल्या.

*

शनिवारी अनघा आली. रविवारी सकाळी बाबांबरोबर फिरायला निघाली. म्हणाली, मला डोळ्यांनी बघायचंय. आम्ही तिघं जरा मागेच राहिलो.

सरांनी नेहमीसारखे हात मागे बांधले आणि निघाले. पोरगी बरोबरीने. तोंडाने चालू, बेंगलोरला घराखालीच बाग आहे, लिफ्ट आहे, समोर हॉस्पिटल आहे. सर "हं, हं" करत चालताहेत. वळणापर्यंत ती बोलत होती. पुढे तिचं बोलणं तुटायला लागलं. मग बंद झालं. मग ती मागे पडली, आणि कमरेवर हात ठेवून ओरडली, "बाबा, थांबा ना!"

सर वळले तेव्हा ती बाकावर बसली होती. चेहरा लालबुंद, श्वास फुललेला, केस कपाळाला चिकटलेले. आम्हीही तिथे पोचलो. मंदाताईंनी पाण्याची बाटली दिली.

सर तिच्याकडे बघत उभे राहिले.

"चालत नाहीस?"

"वेळ कुठे असतो बाबा? सकाळी उठल्यापासून कॉल, रात्री झोपेपर्यंत कॉल."

"जेवण?"

"मागवते."

"झोप?"

ती बाटलीचं झाकण लावत बसली, आणि ते काही तिला नीट लागेना.

सर तिच्याशेजारी बसले. मनगटावरचं घड्याळ सोडलं, रुमालाने पुसलं, तिचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि तिच्या मनगटाला बांधलं. पट्टा सैल होत होता, तो आत घेतला.

"हे रोज मला दिसलं पाहिजे," ते म्हणाले. "नाही दिसलं, तर येऊन पुण्याला घेऊन जाईन. मग तक्रार करायची नाही."