गुलाबाच्या गोलाखालची विहीर

सुरुवातीलाच सांगतो, मी विज्ञानाचा मास्तर. भूत, भानामती, अंगात येणं... आयुष्यभर वर्गात या सगळ्याची टर उडवली. इथे लोक लिहितात ते अनुभव नात मला वाचून दाखवते, तेव्हा निम्म्यांना मी "पोट साफ नसेल" म्हणून मोकळा होतो. तरी आज हे सांगायला बसलोय. नात टाइप करतेय आणि मधूनमधून माझ्याकडे संशयानं बघतेय. बघू दे.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. बुलढाण्याहून देऊळघाटकडे जाताना गावाच्या अलीकडे एक फाटा फुटायचा, तिथे आत रावसाहेबांचा बंगला होता. (रावसाहेब हे मी दिलेलं नाव, घराणं अजून नांदतंय.) कौलारू बंगला, चारी बाजूंनी व्हरांडा, मागे संत्र्याची बाग आणि समोर विटांच्या कडेचा गुलाबाचा मोठा गोल ताटवा. त्याला सगळे नुसतं 'गोल' म्हणायचे. जमिनीच्या सीलिंगचा कायदा डोक्यावर आला तसा रावसाहेबांच्या अंगात दानशूरपणा संचारला आणि बंगला बागेसकट आमच्या शाळेला मिळाला. संस्थेचे अध्यक्षही तेच. मी शाळेत नवा, नोकरी कच्ची, घरी आई आणि लग्नाच्या दोन बहिणी. रावसाहेबांच्या एका सहीवर आमची चूल अवलंबून होती.

उद्घाटनाला मुंबईहून बडे पाहुणे येणार होते. त्यांना बाग दाखवायची आणि गोलापाशी उभं राहून बागेचा इतिहास वाचायचा, हे काम माझ्या गळ्यात पडलं. अक्षर चांगलं आणि आवाज खणखणीत, एवढीच माझी लायकी. रावसाहेबांनी तीन दुपारी बसून मजकूर सांगितला. त्यांच्या वडिलांनी नागपूरहून बैलगाडीनं कलमं कशी आणली, गुलाब कुठून आले, कोणत्या इंग्रज साहेबानं व्हरांड्यात चहा घेतला... मी मुकाट लिहून घेतलं.

चौथ्या दिवशी सकाळी बाग झाडणारी तुळसाबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पन्नाशी ओलांडलेली, काटक बाई.

"गुरुजी, बागेचा इतिहास लिवून राह्यले म्हनते तुम्ही?"

"हो."

"मंग त्यात माह्या बापाले काऊन नाई घेतलं?"

तिचा बाप किसन त्या बंगल्यावर सालदार होता. आमच्याकडे सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहिलेला गडी. पाडव्याला साल लागतं. पुढच्या पाडव्याला मालक धोतरजोडी देऊन "साल भरलं" म्हणतो, तेव्हा माणूस सुटतो. मधेच मेला, तर उरलेलं साल घरातल्या कुणीतरी भरून द्यायचं. अशी रीत!

बागेला पाणी पुरेना म्हणून मोठ्या मालकांनी, म्हणजे रावसाहेबांच्या वडिलांनी, बंगल्यासमोर विहीर खोदायला घेतली. किसन, त्याचा मेव्हणा नामदेव आणि देऊळघाटचा सुरुंगवाला रहीमभाई असे तिघं खाली असताना कड ढासळली. वरून हाका मारल्या की ढिगाऱ्याखालून सबलीचे, म्हणजे लोखंडी पहारीचे, ठोके यायचे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत येत होते.

"मालक म्हने, काढाले गेलं तं आनखी मानसं जातीन. बुजवून टाका," तुळसाबाई सांगत होती. आवाजात रडं नव्हतं. "म्या सात वर्साची होती. काठावर उभी होती. ठोके येतच होते, गुरुजी... आन् वरून माती टाकून राह्यले होते."

त्या भरावावर गुलाब लावले. किसनचे चार महिने उरले होते, ते तिच्या आईनं भरले. त्याच गुलाबांना घागरीनं पाणी घालून. रोज त्या विटांवर बसून मी डबा खात होतो.

"मायनं साल भरलं, पन बापाले कोन सांगन? तुम्ही भोंग्यावर तिघाईचंबी नाव घ्या. त्याले ऐकू जाईन."

मी म्हणालो, "घेईन." अगदी मनापासून म्हणालो.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला, रखरखीत उन्हात, मी गोलापाशी एकटाच वाचनाची तालीम करत होतो. हातात रावसाहेबांचा मूळ मजकूर होता. 'मोठ्या रावसाहेबांनी बागेसाठी पाण्याची सोय केली' हे वाक्य संपलं आणि पायाखाली... ठक्. ठक्. ठक्. कानांच्या आधी तळव्यांना कळलं.

मी हसलो. काल ऐकलेली गोष्ट डोक्यात होती, मन खेळ करणारच. पुन्हा तेच वाक्य वाचलं, पुन्हा तीन ठोके. दुसरी वाक्यं वाचली — काही नाही. मग माझ्यातला मास्तर जागा झाला. ऑफिसातून काचेचा पेला आणला, काठोकाठ भरून विटेवर ठेवला. ते वाक्य म्हटलं की पाणी थरथरायचं, चहाचं वाक्य म्हटलं की ढिम्म. सात वेळा करून पाहिलं. जवळची दगडाची खदान त्या दिवशी बंद होती, मी सायकलवर जाऊन खात्री करून आलो. आसपास इंजिन नाही, पंप नाही. तेच वाक्य शाळेच्या खोलीत जाऊन वाचलं, तर शांत. भीती वाटली, सरळ सांगतो. उन्हात उभं राहून हुडहुडी भरली होती.

मागे वळलो तर झाडू घेऊन तुळसाबाई उभी.

"तुमालेबी ऐकू येते?" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मले वाटे, मलेच येते."

त्या दिवशी मी मजकुरात एक परिच्छेद घातला. तिघांची नावं, विहीर, ठोके, सगळं. कागद पाहायला रावसाहेबांकडे गेला. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं आणि त्या परिच्छेदावर पेन्सिलीनं शांतपणे तिरकी रेघ मारली.

"मास्तर, हे कायले पाहिजे? पाहुण्याइले गुलाब दाखवा. मढे कायले दाखवता?"

"पण हे खरं आहे ना, रावसाहेब?"

"खरं काय तुम्हीच पाह्यलं काय?" मग आवाज मऊ करून म्हणाले, "तुमचा परमनंटचा कागद माह्याच टेबलावर आहे. बहिणींचं जमून राह्यलं म्हनते न?"

मी कागद घडी घालून खिशात ठेवला. तुळसाबाईला काहीच सांगितलं नाही.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी गोलाभोवती खुर्च्या मांडल्या होत्या. भोंगा, पताका, गावातली झाडून सगळी माणसं. तुळसाबाई धुतलेलं लुगडं नेसून सगळ्यात मागे बसली होती. तिला वाटत होतं, आज आपल्या बापाचं नाव निघणार. मी माईकसमोर उभा राहिलो. कलमं झाली, इंग्रज साहेबाचा चहा झाला, पाण्याची सोय आली...

ठोके सुरू झाले. या वेळी तीनच नाही, एकामागून एक, घाईघाईनं. टेबलावरच्या पेल्यातलं पाणी हिंदकळून बाहेर आलं. पाहुणे गुलाबांकडे बघून हसत होते, त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. पण मी रावसाहेबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, दोन्ही पाय जमिनीवरून उचलून खुर्चीच्या दांडीवर घेतले होते. त्यांना येत होते ऐकू. आमची नजरानजर झाली आणि त्यांनी बोटानं खूण केली... पुढे वाचा.

मागून तुळसाबाई उठली. खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आली आणि ताटव्यात शिरून, काट्यांची पर्वा न करता, तिनं जमिनीला कान लावला. दोघा गड्यांनी तिला दंडाला धरून उठवलं. ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"गुरुजी, तुमाले तं येते न ऐकू! मंग सांगा न त्याले!"

परिच्छेद समोर होता. रेघेखालची तीन नावं स्वच्छ वाचता येत होती. अक्षर माझंच होतं. मी पुढचं वाक्य वाचलं... आणि ठोके थांबले. टाळ्या पडल्या.

महिन्याभरात मी परमनंट झालो. तुळसाबाई कामावर परत आली नाही. दिवाळीच्या आधी ती अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा धीर करून देऊळघाटला गेलो. माफी मागायला तोंड उघडलं तर तिनं हातानं थांबवलं. "मले नका सांगू. तिथं जाऊन सांगा." आठवड्यानं ती गेली.

मी गोलापाशी जाऊन नावं घेतली. किसन, नामदेव, रहीमभाई. साल भरलं म्हणूनही सांगितलं, ओरडून. पेला ठेवून पाहिला. पाणी हललं नाही. रावसाहेब वारल्यावर पुढची कितीतरी वर्षं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी बागेचा सगळा इतिहास सांगितला, एक शब्द न गाळता. खालून पुन्हा कधी काही आलं नाही.

दगडातून आवाज कसा जातो, हे मी तीस वर्षं शिकवलं. या आवाजाचं कारण मला आजही सांगता येत नाही, आणि तुमच्यापैकी कुणी सांगितलंत तरी फारसा उपयोग नाही. ते ठोके ज्या वाक्यावर थांबले, ते मला पाठ आहे. भोंग्यावरून, खणखणीत आवाजात, मी वाचलं होतं, "अशा रीतीने ही बाग एका माणसाच्या कष्टातून उभी राहिली."