उंबरातला ब

जव्हार-मोखाड्यात रागीट माणसांचा तुटवडा नाही, पण माझ्या आतेसासूबाईंइतकं मन लावून रागावणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. आपण काम करता करता रागावतो. त्या रागावता रागावता कामं करतात. सूर्यमाळच्या बाजूला आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली. त्या डोंगरातल्या निम्म्या पोरांचं पहिलं रडणं त्यांनी ऐकलं, आणि माझी खात्री आहे की त्यातली बरीच पोरं त्यांचा ओरडा ऐकूनच रडली असणार. निवृत्त होऊन जव्हारला राहायला आल्या आणि ओरडायला पेशंट उरले नाहीत. मग दूधवाला, न येणारं पाणी, टीव्हीवरच्या निवेदिकेचा 'ण' आणि भाचीचा नवरा म्हणून मी, एवढ्यांवर त्यांना भागवावं लागलं. मला त्या 'जावईबापू' म्हणतात आणि न चुकता अहोजाहो करतात. अहोजाहो करून माणसाची किती साग्रसंगीत पूजा बांधता येते हे ज्यांना पाहायचं असेल, त्यांनी आमच्याकडे चहाला यावं.

त्यात ते कटिंग मशीन आलं. ठाण्याच्या एका भाचीनं हौसेनं घेतलं, तिची हौस फिटली आणि यंत्र आत्यांच्या घरी येऊन पडलं. दिसायला प्रिंटरसारखं, फक्त शाईच्या जागी इवलंसं पातं. कागद किंवा स्टिकर घातला की सांगाल तो आकार कापून देतं. आम्हाला वाटलं, बाई तोरणं-बिरणं कापतील, जरा शांत होतील. झालं भलतंच. त्या यंत्राला फोटो कळत नाही. पातं कुठून निघून कुठे वळायचं हे सांगणारी रेघांची फाइल त्याला लागते, आणि ती फाइल तयार करताना रागावण्याच्या इतक्या जागा आहेत की आत्यांना जणू नवी नोकरीच लागली. फोटोवरून आपोआप रेघ काढून देणारं एक बटण असतं. ते त्यांनी एकदाच दाबलं. स्क्रीनवर रेघेच्या अंगभर ठिपके उमटले. "ही रेघ आहे? हिला गोवर आलाय गोवर!" असं म्हणून त्यांनी सगळं पुसलं आणि माऊस धरून स्वतः रेघ ओढायला बसल्या. रेघेचं टोक टोकाला मिळालं नाही की पातं भरकटतं. तसं झालं की त्या यंत्रालाच विचारायच्या, "उघडी जखम ठेवून पेशंट घरी पाठवतोस?"

मराठी अक्षरांनी तर त्यांचं रक्त उसळायचं. नाव टाइप केलं की आपल्याला सलग शिरोरेघ दिसते, पण यंत्राच्या लेखी प्रत्येक अक्षर वेगळं. जिथे दोन अक्षरं जोडलेली, नेमकं तिथेच ते पातं चालवतं. मग काना एकीकडे, वेलांटी दुसरीकडे. "हात धरून उभी राहिलेली माणसं ही! त्यांची मनगटं कापतंय मेलं," असं म्हणत आत्या एकेक सांधा हातानं जुळवत बसायच्या. अशात शेजारचे एक गृहस्थ मोबाइलवर गणपतीचा अंधुक फोटो घेऊन आले आणि म्हणाले, "एवढं कापून द्या हो, नुसतं बटण तर दाबायचं." आत्या म्हणाल्या, "नुसतं बटणच दाबायचं असतं, तर मी तुमच्या दाराची बेल दाबून पळाले असते." ते गृहस्थ हल्ली आमच्या गल्लीतून जात नाहीत, वळसा घालतात.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग दिवाळीच्या सुमारास मी त्यांना स्कूटरवरून खोडाळ्याच्या बाजाराला घेऊन गेलो. तिथे सुक्या मासळीच्या पाट्यांपाशी एका बाईनं त्यांना हाक मारली, "नर्सबाय!" ही उंबरखांड नावाच्या पाड्यावरची. तिची दोन्ही बाळंतपणं आत्यांच्या हातची. आत्यांनी थोरलीची चौकशी केली. थोरली आश्रमशाळेत सहावीत होती.

"ती शालत जात नाय बाय. सुट्टीला आली ती परत जायाचा नाय सांगते."

"का? मारलं कुणी?"

"मारला नाय. पोरा तिला उंदरीन सांगतात."

मग सगळं बाहेर आलं. पावसाळा संपता संपता पाड्याच्या फाट्यावर नवी निळी पाटी लागली होती. रंगवणाऱ्यानं उंबरखांडचं 'उंदरखांड' करून ठेवलं होतं. शाळेच्या गाडीतून पोरांनी ती वाचली, आणि त्या दिवसापासून ही पोरगी उंदरीण झाली. जेवताना तिच्या ताटाशेजारी कुणी चीं-चीं करायचं. कुणी रात्री तिच्या अंथरुणात कुरतडलेला कागद टाकायचं.

आत्या तिथे ओरडल्या नाहीत. हे मला जास्त भीतीदायक वाटलं. बाजार अर्धा टाकून त्या मला थेट ज्या कार्यालयातून पाटी आली होती तिथे घेऊन गेल्या. तिथले साहेब भले होते, पण निवांत होते. म्हणाले, "नवीन पाटी आता पुढच्या निधीत. एका अक्षराचं एवढं काय मॅडम?"

"तुमच्या आडनावातलं एक अक्षर मी बदलते आणि तुमच्या दारावर लावते," आत्या म्हणाल्या. "मग सांगा मला, एवढं काय ते."

साहेबांचं आडनाव असं होतं की एक अक्षर बदललं असतं तर बायको माहेरी गेली असती. त्यांनी तक्रार टिपून घेतली, पाटी मात्र बदलली नाही. बाहेर येऊन आत्यांनी हुकूम सोडला: 'द'वर निळा तुकडा चिकटवायचा आणि त्यावर पांढरा 'ब'. तो 'ब' त्या स्वतः कापणार.

मी फाट्यावर जाऊन पाटीचा फोटो काढून आणला. पाटी उंच, मी खाली. फोटोत अक्षरं पायाशी रुंद आणि डोक्याशी चिंचोळी आली. "जावईबापू, फोटो काढलात की वर बघून जांभई दिलीत?" मी पुन्हा गेलो. या खेपेला दगडावर चढलो, तर उन्हाची तिरीप आली. तिसऱ्यांदा मोजपट्टी घेऊन गेलो. मग फाइल सुरू झाली. 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ पाटीवरच्या 'ब'शी जुळेना, कारण पाटीवर तो एकच 'ब' असायला हवा होता आणि तोच नव्हता. शेवटी 'उं'ची जाडी आणि 'ख'ची गोलाई घेऊन त्यांनी तो नव्यानं घडवला. कापला, तर पोटातली रेघ स्टिकर सोलताना उचकटून आली. रेघ जाड केली, तर अक्षर सुजल्यासारखं दिसायला लागलं. निळ्या स्टिकरची छटा जुळेना म्हणून नाशिकहून दुसरा मागवला. एकदा मी धीर करून म्हणालो, "आत्या, लांबून कुणाला कळणार आहे?" त्यावर त्यांनी जे सुनावलं ते 'आपण' आणि 'आपले वडील' अशा अतिशय आदरार्थी शब्दांत होतं, म्हणून इथे सांगत नाही. दिवाळी होऊन गेली. लोकांची भातं झोडून झाली. 'ब' चालूच होता.

अखेर एका सकाळी त्या म्हणाल्या, "काढा स्कूटर." फाट्यावर पोचलो. माझ्याच त्या दगडावर चढून आत्यांनी स्पिरिटच्या बोळ्यानं पाटी पुसली, इंजेक्शनच्या आधी दंड पुसतात तशी. निळा तुकडा बसवला, त्यावर 'ब' ठेवला, आणि हवेचे बुडबुडे अंगठ्यानं एकेक करून बाहेर काढले. खरं सांगतो, मलाही कुठे जोड होता ते दिसेना. त्या खाली उतरून, मागे सरकून कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. तेवढ्यात पाड्याकडून एक म्हातारा काठी टेकत आला. त्या पोरीचा आजा. आत्यांना बघून त्यानं हात जोडले.

"नात कुठाय? बोलवा तिला. तिला दाखवायचंय," आत्या म्हणाल्या.

"ती कं? ती गेली ना आईबासबरोबर, जगायला. इटांच्या भट्टीवर." भातं झाली की पाड्यावरची माणसं पोटासाठी गाव सोडतात, त्याला ती 'जगायला जाणं' म्हणतात.

"कधी?"

"मागल्या बाजाराच्या दिशी. तशी ती भट्टीवर नसती गेली बाय, शालत गेली असती तं. माज्या म्हाताऱ्याजवल कशी ठेवायची?"

आत्यांचा हात कमरेवरून खाली आला. म्हाताऱ्यानं पाटीकडे मान वर केली. त्याला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलास त्याच्यावर?"

"उंबरखांड."

"मंग? आधी काय व्हता?"

आत्या स्पिरिटचा बोळा पिशवीत कोंबायला लागल्या. म्हातारा वाट बघून आपणच म्हणाला, "आमी तं उंबरखांडच सांगतो." आणि आम्हाला चहाला घेऊन गेला.

परतताना मी रस्त्यातला एकही खड्डा चुकवला नाही, एरवी त्यावरून माझे सगळे पूर्वज निघाले असते. घाटात एके ठिकाणी थांबलो तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तो जाड रेघेचा कापला होता ना मी, तो काही वाईट नव्हता." मी म्हटलं, "नव्हता." त्यांनी मान हलवली आणि चष्मा पदराला पुसत बसल्या. मला त्या साहेबाचा, त्या रंगाऱ्याचा, चीं-चीं करणाऱ्या कार्ट्यांचा असा संताप आला की मी रस्त्याकडेच्या दगडाला लाथ मारली. माझंच बोट सुजलं. आत्यांनी मुकाट्यानं त्याला पट्टी बांधली.

पावसाच्या तोंडाशी ती माणसं परत आली. आत्यांनी स्वतः जाऊन पोरीला शाळेत बसवलं. त्या दिवशी वर्गात त्या काय बोलल्या ते कुणी सांगत नाही, पण तिला आता सगळे नावानं हाक मारतात. फक्त तिच्या बरोबरीच्या पोरी सातवीत गेल्या, आणि ती पुन्हा सहावीत. आत्या तोरणं कापतात, यंत्रावर ओरडतात, मलाही पूर्वीइतकंच बोलतात. परवा मी त्या फाट्यावरून येत होतो. घरी येऊन कौतुकानं सांगितलं, "आत्या, एवढा पाऊस झाला, पण 'ब' जागचा हललेला नाही."

त्यांनी माऊसवरचा हात काढला नाही. "तो कशाला हलेल, जावईबापू," त्या म्हणाल्या. "पाटीला थोडंच जगायला जावं लागतं."