पुलाची नाडी

पुण्याहून निघताना ‘जपून जा’ म्हणणारं घरी कुणी नव्हतं. सोबतीला सेन्सरांची पेटी होती, आणि पेटी काही बोलत नाही. जुन्या जालन्यात लॉजवर उतरलो, एकट्यानेच जेवलो आणि वेटरशी उगाच दोन वाक्यं जास्त बोललो.

सकाळी जीपने भोकरदनमार्गे पिंपळगाव रेणुकाईच्या पुढे गेलो. दोन्ही बाजूंना कपाशी, मध्ये ओढा आणि त्यावर माझा पूल. आमच्या संगणकात या पुलाचं मॉडेल होतं, पण त्यातले बरेच आकडे अंदाजपंचे घातलेले. त्या हिशेबाने पूल लेचापेचा दिसत होता. गाड्या जाताना तो खरोखर किती थरथरतो ते मोजून आकडे सुधारायचे होते. मोजणी फसली, तर पुलावरून एसटी बंद होणार होती.

पुलाला सेन्सर चिकटवत होतो, तेव्हा लगतच्या शेतातल्या चंद्रकलाबाई चौकशीला आल्या. त्यांची मुलगी याच एसटीने भोकरदनला कॉलेजात जायची.

“काय करून राह्यले?”

“पुलाची नाडी बघतोय,” मी ऐटीत म्हणालो.

ती ऐट मला नडली. नाडीची बातमी गावभर गेली. मोटरसायकलवाले पुलाआधीच उतरून गाड्या ढकलत नेऊ लागले. एसटी आली, तर ड्रायव्हरने सगळे प्रवासी खाली उतरवले आणि रिकामी गाडी गोगलगायीसारखी पलीकडे नेली. मागून माणसं चपला हातात घेऊन, मुकाट चालत गेली. माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर थरथरीची रेघ जवळपास सपाट! मी चिडून ओरडलो, “अहो, गाडी भरून न्या!”

“बिमार मानसावर वझं टाकता व्हय?” चंद्रकलाबाई माझ्यावरच उखडल्या.

मला हसूही येईना आणि रागही धरवेना. जिना चढवून डॉक्टर छाती तपासतात, तसंच हे आहे, असं समजावलं तेव्हा कुठे त्यांना पटलं.

“मंग आधी सांगायचं न्हाई का? आता दुपारच्या गाडीला बघा.”

तोवर त्यांनी बांधावर जेवायला बसवलं. “एकलं कशाला खाता? या.” भाकरी, ठेचा आणि येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची झणझणीत आमटी). माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते सगळंच तिखटाचं नव्हतं. त्यांनी न विचारता आणखी एक भाकरी वाढली.

दुपारची एसटी खच्चून भरलेली आली आणि धडधडत पुलावरून गेली. परतताना पुन्हा तशीच. रेघ मनसोक्त नाचली.

पुण्यात येऊन मोजलेल्या आकड्यांशी मॉडेल जुळवत बसलो. एके दिवशी संगणकातला पूल खऱ्यासारखाच थरथरला. आमच्या समजापेक्षा तो बराच भक्कम होता. एसटी चालू राहणार हे ठरलं, आणि मी चंद्रकलाबाईंना फोन केला.

“लई बेस झालं! पोरीचं कॉलेज वाचलं. मंग पुन्हा तपासाया कवा येता?”

“आता कशाला? पूल ठणठणीत आहे.”

“म्हंजे बिघडला आस्ता, तर आले आस्ते?”

दोघंही हसलो. फोन ठेवला आणि जेवायला उठलो. खरं सांगतो, घटकाभर मला त्या पुलाच्या तब्येतीचा राग आला.