सोपानरावांच्या गॅरेजची ओल

ओल काढणाऱ्याला लोक भिंत दाखवायला बोलावतात आणि चहा होईपर्यंत घरातलं सगळं सांगून टाकतात. रफिकभाई मिस्त्री आणि मी आष्टी-कडा भागात वीस वर्षं हेच काम केलं. किती घरं, किती गोष्टी! आज एकट्या सोपानरावांच्या घरच्या सांगतो.

त्यांची जीप सहकारी साखर कारखान्याला भाड्यानं होती. दुष्काळात ऊस वाळला, गाळप थांबलं, जीप विकली. रिकाम्या गॅरेजची खोली करायची होती, कारण लकवा मारल्यापासून त्यांच्या बायकोला, कौसाबाईंना, जिना चढवत नव्हता. पण गॅरेजच्या भिंतीला छातीएवढी ओल. रफिकभाई म्हणाले, "साऱ्या तालुक्यात पाणी न्हाई, आन् तुमच्या भिंतीत कुठून आलं?"

*

भिंतीपलीकडं गल्लीचा हौद होता. टँकर त्यातच रिकामा व्हायचा. हौदाला तडा गेला होता आणि दुरुस्तीसाठी तो उपसावा लागणार होता.

सोपानराव म्हणाले, "माझ्या खोलीपायी गल्लीचं पाणी कसं काढू?"

समोरच्या शांताबाई म्हणाल्या, "आमच्या घरात ठिवा की."

दुपारपर्यंत हौद पिंपांत, घागरींत, पातेल्यांत घरोघर गेला.

चार दिवसांनी तडा बुजवून झाल्यावर उरलेलं पाणी लोकांनी परत आणून ओतलं. शांताबाईंची घागर अर्धीच होती. कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाल्या, "नातीला ताप होता. पट्ट्या ठिवल्या. तेवढं कमी हाय."

*

खोलीच्या नव्या गिलाव्यावर आठ दिवस पाणी मारायला हवं. ते आणायचं कुठून? रफिकभाई नमाजाआधी वजू करायचे, ते हातपाय धुतलेलं पाणी घमेल्यात धरून भिंतीवर शिंपडायचे.

कौसाबाईंनी ते पाहिलं. दुसऱ्या सकाळी सोपानरावांच्या हाती बादली पाठवली आणि आतून विचारलं, "आंघोळीचं हाय. साबण लावला न्हाई. चालंल ना, भाई?"

रफिकभाईंनी बादली दोन्ही हातांनी घेतली. मग म्हणाले, "चालंल, आपा."

*

कौसाबाई त्या खोलीत दोन वर्षं राहिल्या आणि तिथंच गेल्या.

त्यानंतर पाऊस चांगला झाला. एक दिवस सोपानरावांनी आम्हाला बोलावलं. भिंतीवर ओलीचा डाग नव्हता, पोपडा नव्हता.

मी विचारलं, "मग कशापायी बोलावलंत?"

"रोज सकाळी ती चांगल्या हातानं भिंत चाचपायची. कोरडी हाय म्हणायची, मग चहा प्यायची." त्यांनी भिंतीकडं बोट केलं. "मला हात लावाय होत न्हाई. तुमी बघा."

रफिकभाईंनी चपला बाहेर काढल्या. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून चारही भिंतींवरून सावकाश तळवा फिरवला.

"कोरडी हाय," ते म्हणाले.

सोपानराव चहा ठेवायला आत गेले.