मी आपा नाही

कुलुइपा-एजे माझ्या दुकानात पहिल्यांदा शिरली ती पोरीला गप्प करायला. कोचकोरच्या सरकारी कचेरीला खेटून माझं झेरॉक्सचं आणि फोटोचं खोपटं आहे. आत कोळशाची शेगडी असते, त्यामुळे हिवाळ्यात कचेरीची अर्धी रांग माझ्याकडे येऊन शेकते. मी तोंड सोडते, लोक निमूट ऐकून घेतात आणि हात पुढे करून शेकत राहतात. झेरॉक्स मात्र एकजण काढेल तर शपथ.

एजे, आमच्यात थोरल्या बाईला म्हणायचं तसं, साठीची, उंच, अंगावर मांस म्हणून नाही. पाठीशी शालीत बांधलेली नात, उमसुनाय, अजून दोन वर्षांचीही नव्हती. बाहेर रांग हलेना आणि पोरीने रडून कचेरी डोक्यावर घेतलेली.

"जिपारा, पोरी, दोन मिनिटं बसू दे गं."

"बसा. इथे सगळं गावच बसलंय, तुम्ही काय जड आहात?"

तिने पिशवीतून कुरुतचा गोळा काढून पोरीच्या तोंडात दिला. तो वाळवलेल्या दह्याचा खारट गोळा चघळण्यात पाच मिनिटं गेली. मग पाकिटाची कडी टकटक उघडायची, मिटायची. मग दाराशी काढून ठेवलेल्या लोकांच्या रबरी जोड्यांमध्ये तो चिमुकला पाय एकेक करून घालायचा. शेवटी मीच माझे वाया गेलेले कागद दिले. एजेने पोरीच्या अंगठ्याला शाई लावली आणि ती म्हणाली, "मारा शिक्का, साहेब! लोक सकाळपासून खोळंबलेत!" पोरगी धपाधप शिक्के मारत सुटली. रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "हिलाच आत बसवा, कामं तरी होतील."

मग ती रोजच यायला लागली. आज दवाखान्याचा दाखला, उद्या गावच्या कार्यालयाचा, परवा त्या दाखल्यावरची चुकलेली तारीख बदलायला. रोज दोन तास गाडीने यायचं, रोज पोर पाठीशी. एकदा मी न राहवून विचारलं, "एजे, लोकांच्या जमिनी याहून कमी कागदांत विकल्या जातात. तुमचं असं काय अडलंय?"

तिने पोरीकडे पाहिलं, ती शिक्के मारण्यात गुंग होती. मग तिने सांगितलं.

आमच्यात पहिलं नातवंड आजीचं. ते आजीला आपा म्हणतं, म्हणजे आई, आणि जन्म देणारीला वहिनी. यात कुणाला वावगं वाटत नाही, मी स्वतः तशीच वाढले. पण हा सगळा तोंडचा मामला असतो. कुलुइपाने तो कागदावर आणला. तिचा मुलगा रशियात गेला आणि तिकडेच दुसऱ्या बाईपाशी राहिला. सून चोल्पोन मॉस्कोत शिवणाच्या कारखान्यात. सून उद्या पोर उचलून नेईल या धास्तीने कुलुइपाने तिची सही घेऊन नात रीतसर दत्तक घेतली. चोल्पोनने मुकाट्याने सही केली आणि ती गाडीत बसली.

"मी काय म्हटलं तिला, माहितीये?" एजे म्हणाली. "म्हटलं, आता ही तुझी नणंद. विसरू नको."

आता तिच्या यकृतात गाठ निघाली होती. राजधानीतल्या, बिश्केकच्या डॉक्टरने सांगितलं होतं की बर्फ वितळेपर्यंत निभेल, पुढचं धरू नका. ती गेली की कागदावर पोरीला जगात कुणी नाही, आणि ज्याला कुणी नाही ते मूल सरकारी अनाथालयात जातं. म्हणून दत्तकाचा कागद रद्द करून पोर परत चोल्पोनच्या नावावर करायची होती. मुलांच्या विभागातल्या बाईने सांगितलं होतं, "दाखले आणा, सुनेला बोलवा. मूल तिला आई म्हणून ओळखतं, तिच्याकडे जातं, हे मी डोळ्यांनी बघेन, मगच शेरा लिहीन. नाहीतर प्रकरण वर्षभर चालेल."

वर्षभर! तिच्याकडे महिनेसुद्धा नव्हते.

त्या दिवसापासून खेळ बदलले. पूर्वी ती रुमालाने तोंड झाकायची, "आपा कुठे?" म्हणायची आणि रुमाल काढून "भॉऽक!" करायची. आता ती रुमाल फोनवर टाकायची. खाली चोल्पोनचा फोटो.

"आपा कुठे? ही काय आपा!"

पोरगी फोन बाजूला सारून रुमाल ओढायची, तो एजेच्या डोक्यावर घालायची आणि हात पुढे करायची. "आपा!"

"मी आपा नाही. मी म्हातारी आहे. ती आपा."

"आपा!"

एजे भिंतीकडे बघत बसायची, ओ द्यायची नाही. पोरीला वाटायचं हाही खेळच. ती गुडघे धरून उभी राहायची, खाली वाकून तिच्या तोंडाकडे बघायची, खदाखदा हसायची आणि पुन्हा हाक मारायची. दहादा, वीसदा. मग हसू थांबायचं आणि ओठ वाकडा व्हायचा. मी खोटं कशाला बोलू, मला एजेचा संताप यायचा.

"अहो, द्या ना एकदा ओ! एका हाकेने काय आभाळ कोसळणार आहे?"

"तू पोरीला सांभाळणार आहेस का, जिपारा?" ती म्हणाली. "नाही ना? मग गप्प बस."

मी शेगडीत कोळसा टाकला. माझ्या घरात माझीच तीन पोरं आहेत.

चोल्पोन आली ती दहा दिवसांची रजा काढून. फिकट, बोटांना सुया टोचून घट्टे पडलेली. पोरीने तिच्याकडे पाहिलं, आजीने अख्ख्या घराला शिकवलेलं ते "वहिनी" म्हटलं आणि आजीच्या शालीत तोंड लपवलं. चोल्पोन सासूसमोर जोरात रडलीसुद्धा नाही. चौथ्या दिवशी ती पोरीला मांडीवर घेऊ शकली, सहाव्या दिवशी भरवू शकली. सातव्या दिवशी बाईने बोलावलं.

कागद द्यायला मी आत गेले होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. बाई म्हणाली, "सोडा मुलीला मध्ये. दोघी बाजूला बसा."

पोर मध्ये उभी. चोल्पोनने हात पसरले. "ये, उमसुनाय, आपाकडे ये."

पोरीने तिच्याकडे बघितलं, ती वळली आणि दुडुदुडु धावत जाऊन तिने कुलुइपाच्या गुडघ्यांना मिठी घातली. "आपा!"

बाईने पेन उचललं.

एजेने पोरीचे हात सोडवले आणि फाडकन तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. "जा! माझ्याकडे येऊ नको!"

पोरीचा श्वासच अडकला. मग तिने हंबरडा फोडला आणि ती पळाली, जिथे पळता येईल तिथे, आणि तिथे चोल्पोन होती. चोल्पोनने तिला छातीशी घेतलं. पोरीने तिची मान घट्ट धरली ती सोडेचना.

बाईला सगळं समजलं होतं, आमच्यातलीच ती. तिने खाली मान घालून लिहिलं, "मूल आईकडे जाते," आणि शिक्का मारला.

एजे माझ्या शेगडीपाशी येऊन बसली. उजवा हात डाव्या हातात धरून. "जोरात लागलं असेल का गं?"

"लागलं," मी म्हणाले. काय म्हणायला हवं होतं?

चोल्पोन पोरीला घेऊन मॉस्कोला गेली. महिन्याभराने तिचा फोन माझ्या दुकानात आला, सासूची चौकशी करायला. पोर खाते, झोपते, आपा म्हणून हाक मारते, सगळं ठीक. "फक्त एक आहे, जिपारा-एजे. रस्त्यात डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारी दिसली, की ही दोन्ही हातांनी गाल झाकते आणि माझ्यामागे लपते."

त्याच आठवड्यात मी दवाखान्यात गेले. कुलुइपा चादरीखाली असून नसल्यासारखी. तिने मला जवळ बोलावलं.

"माझी आठवण काढते?"

"नाही," मी म्हणाले. "अजिबात नाही. तुम्हाला साफ विसरली."

"बरं झालं," ती म्हणाली. "बरं झालं." आणि भिंतीकडे तोंड करून इतकी रडली, की सुई घेऊन आलेली नर्स दारातूनच परत गेली.